आकाशाकडे बोट दाखवण्याबाबत

माणूस गेल्याची बातमी घरच्यांना कधी सांगावी, या बाबतीत व्यावसायिक फुटबॉल बाकीच्या जगाच्या बराच पुढे आहे. माझी बायको सकाळी गेली. मुलाच्या क्लबला फोन केला, तेव्हा व्यवस्थापकांनी अतिशय हळू आवाजात विचारलं, "काका, त्याला सामन्यानंतर सांगितलं तर चालेल का? आज तो पहिल्यांदाच राखीव खेळाडूंत आहे." मी काही बोललो नाही. गप्प बसणं म्हणजे संमती, असा क्लबचा नियम असावा.

शेवटची काही मिनिटं तो खेळला, मग कपडे बदलायच्या खोलीत त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईला पोचवायला तो ट्रॅकसूटमध्ये आला (पाठीवर जाहिरात होती, पण पाण्याच्या फिल्टरची, म्हणजे सोज्वळ) आणि सरावाला परत गेला.

मुलगा मधल्या फळीत खेळतो. करार झाला त्या दिवशी आईने त्याला विचारलं होतं, "तिथे करायचं काय रे?"

"बॉल घ्यायचा, जवळच्याला द्यायचा."

"म्हणजे कुरियर."

"आई!"

"चिडतोस काय? आमचं भांडण लागलं की कधी मध्ये पडला नाहीस. आता पगार घेऊन पडणार!"

मला एवढंच हवं होतं की त्याने चार दिवस घरी यावं. मी रजा मागितली. तेव्हा कळलं की क्लबमध्ये दुःखाची रजा खेळाडूच्या जागेप्रमाणे मिळते. गोलरक्षक तीन असल्यामुळे त्यांना शोक करायला मुबलक वाव आहे. मधल्या फळीतल्या दोघांचे गुडघे दुखावलेले, म्हणून तिथल्या दुःखाला हंगाम संपेपर्यंत मुदतवाढ.

पण क्लब निर्दय नव्हता. शोक मैदानावर व्यक्त करायला पूर्ण परवानगी होती. प्रसिद्धी विभागाच्या बाईंनी मला समजावलं, "गोल केला की त्याने आकाशाकडे बोट दाखवायचं. आई वरून बघतेय, असं."

"तिला उंचीची भीती वाटायची हो. गच्चीत कपडे वाळत घालायला मलाच पाठवायची."

"तरी वरच बरं, काका. खाली बोट दाखवलं तर कसं दिसेल?"

अडचण एकच होती. आमच्या चिरंजीवांनी आजवर केलेले गोल : शून्य. शोक शिळा व्हायला लागला. शेवटी विभागाने नियम शिथिल केला : बिनचूक पासनंतरही बोट चालेल.

आता, त्या संघात बोट वर करणं म्हणजे 'बॉल उंच मार' अशी खूण होती. हे प्रसिद्धी विभाग सोडून सगळ्यांना माहीत होतं. मुलालाही माहीत होतं, पण मध्ये पडायचा त्याचा स्वभाव नाही. त्याने मागच्या बचावपटूला सुरेख पास दिला, डोळे मिटले आणि बोट वर केलं. बचावपटू आज्ञाधारक. त्याने बॉल असा उंच मारला की तो सावकाश खाली येऊन समोरच्या संघाच्या पायात पडला. गोल. मुलगा अजून डोळे मिटून, बोट वर करून उभाच.

"दुखवटा नंतर पाळ, आधी माणूस धर!" प्रशिक्षक ओरडले. पण प्रेक्षक उभे राहिले होते. गोल मारणाऱ्याने धावत येऊन मुलाला मिठी मारली आणि तो हुंदके देऊन रडला. व्हिडिओ जगभर गेला. क्लबच्या पाहणीनुसार बघणाऱ्यांपैकी नव्व्याण्णव टक्के लोक रडले. (उरलेले एक टक्का आमच्या संघाचे समर्थक.)

तेव्हापासून मुलगा संघात कायम आहे. खेळातली प्रगती बेताची, पण मुलाखती भरपूर. परवा त्याचा फोन आला.

"बाबा, आज परत मुलाखत. रडू आलं तर आवरू नको, म्हणालेत."

"मग?"

"तिथे येतच नाही."

"घरी ये ना."

"रजा मागितली. म्हणाले, लोकांना अजून बघायचंय."

हे लोक म्हणजे कोण, याचा मी बरेच दिवस शोध घेत होतो. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. हात जोडल्याचं चिन्ह लावून चारचौघांना पाठवलाही असेल. आभारी आहे. तुमचं रडून झालं. आम्हा दोघांचं अजून व्हायचं आहे.