परातीतला आवाज

"एकटा गेलो, एकटा आलो," पुंजाराम नानांनी रिक्षावाल्याला सांगितलं. त्यानं काही विचारलं नव्हतं. पहाटेचं धुकं इतकं दाट होतं की नाशिकच्या द्वारका चौकातून तो रिक्षा अंदाजानंच काढत होता.

"जपानहून आलो. तिथं संडासाची बैठकसुद्धा गरम असते. बसलं की वाटतं, आत्ताच कुणीतरी उठून गेलंय."

"बाप रे," रिक्षावाला म्हणाला आणि त्यानं वेग वाढवला.

नानांची बायको मंगलाबाई उन्हाळ्यात गेली. थंडी पडल्यावर मुलगी तेजलनं त्यांना थोडे दिवस ओसाकाला बोलावून घेतलं. तिथं एका सकाळी तिनं नानांना दोन कपांत चहा ओतताना आणि दुसऱ्या कपाशी बोलताना पाहिलं. तेव्हापासून तिचा एकच धोशा: नाशिकचं घर भाड्यानं द्या, इथंच राहा. नाना संक्रांतीनंतर परतणार होते, ते हट्टानं आधीच निघाले. विमानतळावर तेजलनं अट घातली. "घरी पोचलात की व्हिडिओ कॉल. पुन्हा आईशी बोलताना दिसलात तर मी स्वतः न्यायला येणार."

"मी मेलेल्या माणसांशी बोलत नाही," नाना म्हणाले होते. "ती उत्तर देत नाहीत."

रिक्षा गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या मोतीरामच्या फाटकाला लिंबू-मिरच्यांची भलीमोठी माळ टांगलेली होती, आणि तिचं तोंड थेट नानांच्या घराकडे होतं. नानांनी आपलं फाटक उघडलं. पायरीपर्यंत गेले आणि थांबले.

साखरेच्या पाकाचा वास येत होता.

घराला पुढून कुलूप. सगळ्या खिडक्या बंद. आणि आतून, स्वयंपाकघरातून, बारीक आवाज येत होता. खस्स, खस्स. मग जरा थांबून पुन्हा खस्स, खस्स.

नाना एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी फाटकातून आत येतानाच आवाजावरून बिघाड सांगायचे. हा आवाज तर त्यांनी आयुष्यभर अंथरुणात पडून ऐकला होता. संक्रांतीच्या आधी मंगलाबाई रोज पहाटे मंद शेगडीवर पितळी परात ठेवून हलवा करायच्या. तिळावर चमचाभर पाक सोडायचा आणि सुकेपर्यंत बोटांनी फिरवत राहायचं. थंडी असेल तरच हलव्याला काटा येतो. म्हणून पहाट, आणि म्हणून त्यांचं ते बर्फासारखं गार स्वयंपाकघर.

पण बाई जाऊन वर्ष झालेलं नव्हतं. वर्षाच्या आत त्या घरात सण नाही, गोडधोड नाही. गल्लीतलं कुणीही जिवंत माणूस तिथं हलवा करायला बसलं नसतं.

नाना एक पाऊल मागं सरले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"पोचलात? घर दाखवा बघू," तेजल म्हणाली.

नानांनी फोन फिरवला. "हे फाटक. ही तुळस."

"ओली दिसतेय."

"धुकं आहे."

"आता आत चला."

"जाऊ की. काय घाई आहे? घर कुठं पळून चाललंय."

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"थंडी आहे."

इतक्यात रस्त्यावरून खाकरल्याचा आवाज आला. मोतीराम. विंचूरच्या मार्केटात आयुष्य काढलेला कांदा व्यापारी, आता रोज सकाळी फिरायला जाणारा. त्यानं फाटकातून डोकावून पाहिलं. जावयानं दिलेला काळा कोट नानांच्या घोट्यापर्यंत येत होता आणि त्याची टोपी नाकापर्यंत. मोतीरामनं दोन्ही हातांनी फाटक घट्ट धरलं.

"कोण हाय?" त्याचा आवाज चिरकला.

"अरे, मी पुंजाराम."

"जित्ता का?"

"मग काय, विमानानं भुतं पाठवतात?"

मोतीराम जवळ आला, पण पायरीवर चढला नाही. "नाना, आत जाऊ नको. वहिनी येतात. रोज पहाटे. मी माझ्या कानानं ऐकलंय."

"तुझ्याकडं मागच्या दाराची चावी दिलीय ना? घरातलं कुणी आलं असेल."

"चावी खिळ्यावर हाय. रोज संध्याकाळी मीच बघतो. अन् आमच्या घरचं कुणी दुखवट्याच्या घरात पाक करील का? त्र्यंबकच्या गुरुजींना विचारलं मी. म्हणले, इच्छा राहिलीय."

"बाबा," फोनमधून तेजल म्हणाली, "काका काय बोलतायत? कोण येतं?"

"मांजर," नाना म्हणाले.

"लय मोठं मांजर हाय," मोतीराम पुटपुटला.

"बाबा, मी तिकीट बघतेय."

आता आत जाणं भाग होतं. नानांनी बूट काढले, कुलूप उघडलं आणि अंधारात पाऊल टाकलं. त्यांना भीती वाटत होती हे खरं. पण चपळाईनं दिवा लावायचा सोडून ते बैठकीतल्या खुर्चीत हळूच टेकले. आवाज चालू होता. दिवा लावला तर तो थांबेल असं त्यांना वाटलं.

"मंगला," ते हळू आवाजात म्हणाले. "मी आलो गं. पोरगी बरी आहे तुझी. भात तेवढा गिचका करते."

आवाज थांबला.

घरात इतकी शांतता पसरली की हातातल्या फोनमधला तेजलचा श्वास ऐकू यायला लागला. फोन चालूच होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं.

मग स्वयंपाकघरात चमचा दणकन पडला. मागचं दार उघडलं. लगेच मागच्या अंगणातून मोतीरामची किंकाळी आली आणि पोतं पडल्यासारखा आवाज झाला.

नाना धावले. मोतीराम शेवग्याच्या बुंध्याशी आडवा झाला होता. तो मागून घराला वळसा घालून पाहायला आला होता, आणि डोक्यावरून पांढरी शाल घेतलेली बाई दारातून थेट त्याच्या अंगावर आली होती. बाईची बोटं पाकानं चिकटली होती. बाई म्हणजे त्याची सून स्नेहल.

"मामा, उठा," ती सासऱ्याला हलवत म्हणाली. "मी आहे."

मोतीरामनं एक डोळा उघडला. "तू? दुखवट्याच्या घरात?"

"काकूंनी मागच्या संक्रांतीला शब्द दिला होता. आमच्या बाळाच्या, रुद्रच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने मी शिकवीन म्हणून. थोडं शिकवलंही. तुम्ही नाहीच म्हणाला असतात. आणि आपल्या घरात शेगड्या, माणसं, सगळी ऊब. काटाच येत नाही. तुम्ही फिरायला गेलात की चावी घ्यायची, तुळशीला पाणी घालायचं, आणि बसायचं."

"अन् आमचा जीव गेला असता तर?"

"माझा रोज जात होता," स्नेहल म्हणाली. "मी हलवा फिरवायला लागले की खिडकीबाहेर पुरुषाचा दबका आवाज यायचा. 'माझं काही चुकलं असलं तर माफी असावी.' मला वाटलं, काका तिकडं परदेशातच वारले, आणि आता इथं येतायत. आज तर घरातूनच आवाज आला."

मोतीराम बसल्या जागी अंगावरची पानं वेचायला लागला.

"तो तू होतास?" नानांनी विचारलं.

"सांगायच्या राहून गेल्या होत्या चार गोष्टी," मोतीराम म्हणाला. "वहिनी हाय म्हणल्यावर म्हणलं, सांगून टाकू."

फोनमधून चमत्कारिक आवाज आला. नानांना वाटलं पोरगी रडतेय. ती हसत होती, आणि मधूनच नाक ओढत होती.

"तेजल," नाना म्हणाले, "मी बोललो तिच्याशी. तू ऐकलंस. आता काय ते ठरव."

"काय ठरवू? त्या गल्लीत सगळेच आईशी बोलतात. इथं तुम्ही एकटेच बोलत होतात." तिनं नाक पुसलं. "राहा तिथंच."

नानांनी मान हलवली.

मोतीरामचा पाय मुरगळला होता. स्नेहल त्याला आधार देऊन घरी सोडायला निघाली. निघताना म्हणाली, "काका, निखारे फुललेले आहेत. मी येईपर्यंत परातीत हात फिरवत राहाल? थांबू मात्र नका."

"त्यात काय," नाना म्हणाले. "आयुष्यभर ऐकलंय."

ते लांब कोटासकट परातीपुढे बसले आणि त्यांनी पाकाचा चमचा सोडला. दाणे ऊन होते. बोटं फिरवली तर आधी नुसतीच खरखर झाली, नवीन ड्रायव्हरनं गिअर टाकल्यासारखी. हात हलका केला, मग अजून हलका केला. खस्स. त्यांचा हात थांबला की आवाज थांबायचा. पुन्हा सुरू केला की सुरू व्हायचा. स्वयंपाकघरात अजून पुरतं उजाडलं नव्हतं. नानांनी डोळे मिटले. आता आवाज समोरून, पाटावरून येत होता.

ते तसेच बसून राहिले; बोटं कधी थांबली ते त्यांना कळलं नाही. किती वेळ कोण जाणे.

"अहो काका," दारातून स्नेहल म्हणाली. "करपला की सगळा. वास नाही आला?"

नानांनी डोळे उघडले. परातीत काळी ढेकळं होती, आणि कोटाची बाही कोपरापर्यंत पाकात बुडाली होती.

"आत्ता कुठं आवाज जमत आला होता," ते म्हणाले.