बसाल्टची उत्तरपूजा

"देवाला कॉलेजात नेतात म्हणे. बघावं ते नवलच!" निरांजनातली वात सारखी करत त्र्यंबकराव पुटपुटले. शेजारी उभ्या सुनेला ऐकू जाईल, इतक्याच बेतानं.

शोभना पन्नाशीत अमेरिकेतल्या बेलव्ह्यूजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जिऑलॉजी शिकत होती. आज स्वतः आणलेला दगड फोडून, त्याची आतली बाजू वर्गाला दाखवून बोलायचं होतं, पास-नापास त्यावरच. फील्ड ट्रिपला डोंगरापलीकडून आणलेला तो काळा दगड तिनं खिडकीत ठेवला होता. सकाळी सगळं घर पालथं घातल्यावर तो सापडला देव्हाऱ्यात, हळदीकुंकू लावलेला, डोक्यावर जास्वंद.

"बाबा, तो बसाल्ट आहे."

"असेल. रोज दुधानं न्हाऊ घालतोय मी त्याला. आता नुसता दगड कसा राहील?"

"अगं, दुसरा उचल ना," तिचा नवरा विनय कॉफी ओतत म्हणाला. "खाली पार्किंगपाशी ढीग पडलाय."

"तो शोभेसाठी विकत आणून टाकलेला आहे, विनय!" शोभनाला हे मनापासून लागलं.

"आई, तू गॉडला हॅमर मारणार?" आन्यानं विचारलं. शाळेची बस यायची होती, पण आज तिला घाई नव्हती.

शेवटी शोभनालाच सुचलं. "गणपतीची करतो तशी याची उत्तरपूजा करा ना, बाबा. मग देव मोकळा आणि दगड माझा."

त्र्यंबकरावांनी यात खोट काढायचा बराच प्रयत्न केला. निघेना. मग त्यांनी गंभीरपणे अक्षता वाहिल्या, दहीपोहे दाखवले आणि दगड जागचा हलवला. कुणी हसलं नाही.

एक घाव घरीच घालून बघावा म्हणून शोभना गॅलरीत बसली. डोळ्यांवर गॉगल, हातात हातोडा. हात काही खाली येईना. तिनं हातोडा विनयला दिला.

"माझी मीटिंग आहे," विनय म्हणाला. हे वाक्य तो हल्ली फार वापरायचा. आई गेल्यावर त्यानं वडिलांना संगमनेरहून इथं आणलं होतं. परतीचं तिकीट एकदा कॅन्सल केलं, मग पुन्हा. जेवताना तारखेचा विषय निघाला, की विनयची मीटिंग असायची आणि शोभनाला आमटी वाढायची असायची.

"आणा इकडे," म्हणत त्र्यंबकरावांनी सुनेचा गॉगल स्वतःच्या चष्म्यावर चढवला. एकाच घावात दगडाचे दोन तुकडे झाले. आतून काळाभोर. ते बोटानं चाचपत राहिले.

"आपल्या विहिरीतून असाच निघाला होता. ओळखूनच उचलला मी हा."

"हो, बाबा. इथंही तसाच लाव्हा वाहिला होता. दगड तोच, गाव वेगळं."

"त्याचं बरं आहे. नेऊन ठेवाल तिथं बसतो." त्यांनी दोन्ही तुकडे पुसून सुनेच्या ओंजळीत दिले. गॉगल काढला, चष्मा काढला. "मी दगड नाही रे, विनय. मला घरी जायचंय."