हरणारी मोटर

विजेच्या मोटारीच्या कागदावर छापलेला जोराचा आकडा तुम्ही डोळे मिटून खरा मानता ना? मग उदगीरच्या मन्मथआप्पांच्या दुकानात जाऊ नका. अपमान होईल.

आप्पा मोटारी दुरुस्त करतात. शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान. नवी मोटर आली की आप्पा तिच्या दांड्याला वीतभर पट्टी लावतात, टोकाला वजन टांगतात आणि मोटारीलाच विचारतात, "बोल बाई, किती उचलतीस?" गिऱ्हाइकाला पाणी त्यानंतर.

एकदा लातूरचे एक डाळमिलवाले आले. डाळीच्या झडपेसाठी त्यांनी गिअरवाली स्टेपर मोटर, म्हणजे एकेक पाऊल टाकत फिरणारी, घेतली होती.

"हिशेब सोपा हाय, आप्पा. गिअर शंभराचा, म्हंजे जोर शंभरपट!"

"गुणाकार शाळेत करा, मालक. तेवढा जोर गिअरच्या दात्यांनी सोसावा की न्हाई? त्यांचा आकडा खाली बारीक अक्षरात हाय. वाचला?"

"न्हाई."

"दोन्हीतला लहान आकडा तुमचा. अन् मोटारीचा जोर लिवलाय तो थांबलेली असतानाचा. पळताना आणखी घटतो."

"तुम्ही मोटर बघायला बसलाव का भांडायला?"

"भांडायला. दात्यांच्या बाजूनं."

असा माणूस गेल्या वर्षी भंगारात सगळ्यात मरतुकडी मोटर शोधू लागला. मिळाली ती जुन्या एसीच्या पात्या हलवणारी. गिअरवालीच, पण चिमुकली.

त्यांच्या पत्नीचा, महादेवीकाकूंचा, उजवा हात लकव्यानं गेला होता. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला होता. आप्पा रोज सकाळी मोटारीची पट्टी काकूंच्या बोटाला भिडवायचे. मोटर ढकलणार, काकूंनी अडवायचं.

"जरा दमदार मोटर लावा की," मी म्हणालो.

"दमदार मोटर बोट मोडंल. ही हरली पाहिजे."

चार महिने मोटरच जिंकत होती. परवा दुकानामागच्या त्यांच्या घरातून टकटक ऐकू आली. जोर कमी पडून मोटर जागीच अडखळते, तेव्हाचा हा आवाज. एरवी तो ऐकला की आप्पा गिऱ्हाइकावर ओरडतात. मी आत गेलो. काकूंचं बोट पट्टीवर ताठ होतं. आप्पा मोटर बंद करायचं विसरून तोंडाला उपरणं लावून बसले होते.

"रडायलाव कशाला?" काकू म्हणाल्या. "दुसरी आणा. हिच्यापेक्षा थोडी तगडी."

तेव्हा तुमच्या घरात एखादं बंद पडलेलं यंत्र धूळ खात असेल, तर त्यातली छोटी गिअरवाली मोटर भंगारात देऊ नका. उदगीरला पाठवा. काकू थांबल्या आहेत.