सलूनवाल्याच्या मुलाचे केस

नाना म्हणायचे, "माझ्या खुर्चीत बसणाऱ्याला टक्कल पडत नाही. आधीच पडलेलं घेऊन आला असेल, तर तो त्याचा दोष."

हे ते रोज म्हणायचे. ऐकणारा गळ्याभोवती कापड बांधून, मान खाली घालून बसलेला असायचा, त्यामुळे वाद घालायला कुणी उठत नसे. हातात वस्तरा असलेल्या माणसाचं म्हणणं लोकांना पटकन पटतं.

सलून दोन खुर्च्यांचं. एकीमागे नाना, दुसरीमागे त्यांचा मुलगा. मुलगा सव्विशीतला, हाताने हलका, बोलायला कमी. दोघांच्या वाटणीचं नानाच बोलायचे. केसांच्या बाबतीत तर त्यांच्याकडे ज्ञानाची टाकी भरलेली, आणि नळ कायम उघडा. तरुण पोरांचे केस का गळतात? हेल्मेटमुळे. हेल्मेट न घालणाऱ्याचे? उन्हामुळे. घराबाहेरच न पडणाऱ्याचे? फोन बघत जागतो म्हणून. उपायही तसेच. तेल लावणाऱ्याला तेल बंद, न लावणाऱ्याला तेल सुरू. एकदा एकाच बाकावर बसलेल्या दोघा भावांना त्यांनी उलटसुलट सल्ले दिले होते आणि दोघेही खूश होऊन गेले होते.

चार महिन्यांपूर्वी नानांची बायको वारली. दुकान काही दिवस बंद राहिलं, मग उघडलं. गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलली, नाना नेहमीच्या आवाजात बोलले, आणि थोड्याच दिवसांत सगळेच नेहमीच्या आवाजात बोलू लागले. दुकानाचे टॉवेल धुणं, कंगवे उकळणं हे तिचं काम. ते आता कुणीतरी करत होतं. दुकान उघडायच्या वेळी टॉवेल घड्या घालून तयार असत, त्यामुळे ते कोण करतं हा प्रश्न नानांना पडला नाही.

एका दुपारी मुलाच्या हातून कंगवा पडला. तो उचलायला वाकला, वरून ट्यूबचा उजेड पडला आणि नानांना त्याच्या माथ्यावरची कातडी दिसली. केसांमधून, स्वच्छ. गिऱ्हाईक जाईपर्यंत नाना गप्प राहिले. गिऱ्हाइकाने जाताना विचारलंही, "तब्येत बरी आहे ना, नाना?"

"अरे, हे कधीपासून?" नानांनी मुलाला विचारलं.

"काय?"

"डोक्यावरचं पीक विरळ झालंय तुझ्या."

"महिना झाला असेल. उशीवर सापडतात."

"हेल्मेट?"

"आपण चालत येतो, बाबा."

"ऊन?"

"दिवसभर इथेच तर असतो."

"मग फोन. जागत असशील."

"फोन दुरुस्तीला टाकलाय. तुम्हीच नेऊन दिलात."

नानांचा नळ आयुष्यात पहिल्यांदा कोरडा पडला. मग त्यांना मुलाचा मामा आठवला. मामाच्या डोक्यावर माशीला बसायला जागाच जागा होती. नानांनी तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"काय हो, तुमचं डोकं नेमकं कितव्या वर्षी गेलं?"

मामा म्हणाला, "दाजी, ताई गेल्यापासून तुमचा हा पहिला फोन. आणि तो हे विचारायला?"

फोन बंद झाला. नाना मुलाला म्हणाले, "लाइन कटली."

लाइन कटली तरी प्रश्न सुटला नव्हता. सलूनवाल्याच्याच मुलाला टक्कल, म्हणजे दिव्याखाली अंधार. गिऱ्हाईक म्हणणार, घरचं डोकं राखता आलं नाही, हा आमचं काय राखणार? त्यात दुकानात समोरासमोर दोन आरसे. खुर्चीत बसलेल्याला समोरच्या आरशात मागचा आरसा दिसायचा, त्यात मुलाचा माथा दिसायचा, त्याच्या आत पुन्हा माथा. एक टक्कल असतं तर चाललं असतं. इथे टकलांची रांग लागली होती.

नानांनी मागचा आरसा उतरवला आणि माळ्यावर टाकला.

"मागे कसं झालंय?" पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं.

"झकास."

"पण दिसत नाही."

"मला दिसतंय ना."

केस कापून घेणाऱ्याला स्वतःची मान स्वतः बघितल्याशिवाय चैन पडत नाही. शेजारी चष्मेवाल्याचं दुकान होतं आणि चष्मेवाल्याकडे भरपूर आरसे. नानांचं गिऱ्हाईक पैसे देई आणि तडक शेजारी जाई. एक आरसा पुढे धर, एक मागे धर, मान बघ, चालू लाग. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला स्वतः आला.

"नाना, मी चष्मे विकतो. माना दाखवत नाही."

"आरसा दुरुस्तीला गेलाय हो."

"काल तुमच्या एकाने माझ्या गिऱ्हाइकाला विचारलं, मागून बरा दिसतो का मी? ती बाई डोळ्यांत थेंब टाकून बसली होती. म्हणाली, मला तर तुम्ही पुढूनही दिसत नाही."

बोलता बोलता चष्मेवाल्याची नजर मुलाकडे वळली. नजर त्याचा धंदाच होता. नानांनी खुंटीवरची लोकरीची टोपी ओढली आणि मुलाच्या डोक्यावर कानांपर्यंत चढवली.

"सर्दी आहे त्याला."

"एवढ्या उकाड्यात?"

"उकाड्याचीच सर्दी आहे."

टोपी बसली ती बसलीच. आणि आता डोकं झाकलेलंच आहे तर उपाय का करू नये, असा नानांनी विचार केला. त्यांनी कांदे किसले, रस काढला, मुलाच्या डोक्याला चोळला आणि वरून टोपी घातली. मुलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं म्हणून सोडून दिलं गेलं.

आता गल्लीने बेरीज केली. आरसा काढला, म्हणजे काहीतरी लपवायचंय. टोपी घातली, म्हणजे ते डोक्यात आहे. वास येतोय, म्हणजे ते चिघळलंय. चष्मेवाला आपल्या दुकानात फक्त एवढंच म्हणाला की मी काही म्हणत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी पक्की झाली: सलूनवाल्याच्या मुलाला डोक्याची लागण झालीय आणि ती कंगव्यातून पसरते.

दुसऱ्या दिवशी नानांच्या खुर्चीतल्या माणसाला अचानक खाज सुटली. आधी मानेला, मग कानामागे, मग जिथे कंगवा पोचलाही नव्हता तिथे. तो अर्धे केस कापलेले तसाच उठला.

"अहो, डावी बाजू राहिलीय."

"राहू दे. घरी जाऊन आंघोळ करतो," तो म्हणाला आणि कापड गळ्यात बांधूनच गेला.

त्यानंतर खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मग आरोग्य खात्याचा तपासनीस आला. बारीक अंगाचा, सभ्य माणूस. त्याने कंगवे बघितले. स्वच्छ. टॉवेल हुंगले. स्वच्छ. मग तो मुलाकडे वळला.

"टोपी काढता का जरा?"

मुलाने नानांकडे पाहिलं. नानांनी छताकडे पाहिलं. टोपी निघाली, कांद्याचा लगदा घरंगळून मुलाच्या खांद्यावर पडला आणि तपासनीस दोन पावलं मागे सरकला.

"हे काय आहे?"

"कांदा," मुलगा म्हणाला.

"डोक्यात?"

"औषध म्हणून."

"कशावर औषध?"

या प्रश्नाची नानांकडे दोनच उत्तरं होती. केस गळतात म्हणावं तर दुकानाची अब्रू जाते. दुसरं काही म्हणावं तर दुकानच जातं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं, तो तोंड मिटून उभा राहिला. तपासनिसाने त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

"त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लागण नाही असं सांगेपर्यंत शटर खाली."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी मुलाला डोकं धुऊन यायला सांगितलं, खिडकी उघडली, मग भिंग घेऊन माथा बघितला. चिमटीत केस धरून हलकेच ओढले. बरेच हातात आले. नानांनी मान फिरवली.

"लागण नाही," बाई म्हणाल्या. "कांद्याने कातडी मात्र लाल झालीय. कुणाची कल्पना?"

"आजकालच्या पोरांना काय, कुणी काही सांगतं," नाना म्हणाले.

"हे आनुवंशिकही वाटत नाही. ते कपाळाकडून नाहीतर टाळूपासून सावकाश सरकत जातं. हे सगळीकडून एकदम सुटलंय. जेवण कसं आहे?"

"चहा आणि पाव," मुलगा म्हणाला.

"दोन्ही वेळा?"

"रात्री आधी पाव, मग चहा."

"झोप?"

"कमीच. पहाटे उठून टॉवेल धुतो."

नानांनी मुलाकडे पाहिलं. "तू धुतोस?"

"मग कोण धुणार?"

"नाही, मला वाटलं..." काय वाटलं ते नानांना सांगता येईना. टॉवेल पूर्वीसारखेच येत होते, एवढंच त्यांना वाटलं होतं.

"तीन-चार महिन्यांमागे काही झालं होतं का?" बाईंनी विचारलं. "मोठा ताप, ऑपरेशन, मनाला धक्का?"

नानांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "ताप नाही. ऑपरेशन नाही. तसं विशेष काही नाही."

"आई गेली," मुलगा म्हणाला.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. नाना म्हणाले, "हां. ते आहे."

मग बाई समजावून सांगू लागल्या. माणसाला मोठा धक्का बसला की पुष्कळसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. तोवर माणूस धक्का विसरलेला असतो, निदान तसं दाखवत तरी असतो, म्हणून कुणाला संबंध लागत नाही. मुळं जिवंत आहेत. केस परत येतील. रक्त एकदा तपासून घ्या, लोह कमी असेल तर गोळ्या देऊ.

"आणि लावायला?" नानांनी विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही? थोडं तेल?"

"जेवायचं, झोपायचं, वाट बघायची. आणि घरात थोडं बोलत जा."

"मी तर दिवसभर बोलतो," नाना म्हणाले.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा आपल्या चपलांकडे बघत होता.

शटर उघडलं. बाईंचा निर्वाळा मिळाल्यावर तपासनिसाने स्वतः येऊन नानांकडे दाढी करून घेतली, तीही दार सताड उघडं ठेवून, म्हणजे गल्लीला दिसावं. माणूस खरंच सभ्य होता. त्याच्यामागून चष्मेवाला आला.

"मग काय निघालं, नाना? पुतण्याचेही गळतात माझ्या."

"त्याला विचारा, मागे काही वाईट घडलं होतं का. आणि जेवतो का."

"ते ठीक. पण लावायचं काय?"

"काही नाही."

चष्मेवाल्याला ते पटलं नाही. नाना खरा उपाय घरच्यापुरता राखून ठेवतायत, असं त्याने जाता जाता दोघातिघांना सांगितलं. त्यामुळे गिऱ्हाईक मात्र पूर्वीपेक्षा वाढलं. खुर्चीत बसलं की लोक हळूच विचारत, "नाना, आम्हाला तरी सांगा." नाना म्हणत, "जेवत जा." लोक डोळा मारत.

सुटीच्या दिवशी नानांनी भात लावला. तो खालून करपला आणि वरून कच्चा राहिला, पण दोघांनी संपवला. मग नाना अंगणात खुर्ची टाकून बसले. त्यांचे केस मुलगाच कापायचा. बराच वेळ कात्री चालली. मग थांबली.

"काय रे?"

"तुमचेही गळतायत, बाबा. मागून."

"वय झालं."

"चार महिन्यांपूर्वी नव्हतं असं. मीच कापले होते."

नानांनी हात मागे नेऊन चाचपून पाहिलं. केस सहज हातात आले. त्यांनी ते मुठीत धरून ठेवले.

"तू केव्हा बघितलंस?"

"बाईंनी माझे केस ओढले आणि तुम्ही मान फिरवलीत, तेव्हा."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, विशेष काही झालं नाही."

मुलाने कात्री खाली ठेवली. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

नानांनी मुठीतले केस खिशात घातले. "कापून टाक बेताने. आणि बाहेर बोलू नकोस."

"का?"

"आपल्याकडे खरंच लागण आहे म्हणतील."