माजिवड्याची स्वारी आणि मानपाड्याचा निवाडा

श्री एकवीरा आई प्रसन्न. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, कल्याण प्रांती, डोंबिवलीनजीक मौजे मानपाडा येथे जे वर्तमान जाहले ते सावधचित्ते ऐकावे. थोरांच्या लढाया लिहिणारे बहुत आहेत. परंतु फेसाळ पेयाच्या दोन बाटल्यांकरिता तीन असाम्यांनी जी शर्थ केली ती कागदी न चढती, तर पुढील पिढ्यांस ठाऊक होती ना. सबब ही हकिकत लिहिली आहे. पदरचे घातले नाही आणि लाजेचे म्हणोन लपविले नाही.

ऐसीयास, मानपाडा रस्त्यावर 'मत्स्यगंधा' नामे परमिट रूम होती. तेथे दर शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर, चार वाजता दरबार भरे. मुख्य आसनी, म्हणजे पंख्याखाली, राजश्री अण्णासाहेब पोंक्षे. मूळचे गुहागरकडील, वय बावन्न, रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे अंमलदार. उजवे हाती जगनराव भोईर, मानपाड्याचेच भूमिपुत्र आणि एका टेम्पोचे सरदार. डावे हाती दामाजीराव वैती, कोलशेतच्या खाडीकाठचे कोळी; बाप-आजे जाळ्यावर, खासा मात्र कोलशेतास चंद्रहास ब्रुअरीत बाटल्या भरण्याच्या यंत्रावर. तिघांस बियरेचा शौक, परंतु झिंगण्याचा नव्हे, पारखण्याचा. रिवाज ऐसा की, अण्णासाहेबांनी ग्लास नाकाशी न्यावा आणि डोळे मिटावे आणि फर्मावावे की, ही बाटली उन्हात राहिली आहे, अथवा हिजमध्ये तांदूळ फार घातला आहे. आणि मग उभयतांनी माना डोलवाव्या. एके समयी मालकाने मुकाट्याने दुसरीच बियर पाठविली, तो अण्णासाहेबांनी घोट न घेता, निव्वळ वासावर, तिचे कूळ सांगितले. मालक गल्ला सोडोन बाहेर आले आणि त्यांनी हात जोडिले. तेव्हापासून त्या नाकाचा दरारा पार शीळफाट्यापर्यंत होता.

मार्गशीर्षाच्या पहिल्या शनिवारी दामाजीरावांनी खबर आणिली की, चंद्रहास ब्रुअरीस पंचवीस वर्षे पुरी होतात, त्याप्रीत्यर्थ 'रौप्य' नामे एक एल काढिली आहे. एल म्हणजे बियरेच्याच घराण्यातील थोरली पाती; रंगाने काळसर तांबडी, अंगाने जड, नेहमीच्या स्ट्राँगपेक्षाही कडक. बाटल्या अवघ्या सहाशे, पुन्हा होणे नाही. विक्री माजिवड्याच्या एकाच वाइन शॉपात, येत्या गुरुवारी दहा वाजता, एका परवान्यास एक बाटली.

हे ऐकोन जगनरावांनी टेबलावर थाप मारिली आणि त्याच क्षणी कूच करण्याची आज्ञा मागितली. परंतु अण्णासाहेबांचे मुख उतरले.

त्याचे कारण कोणास ठाऊक नव्हते ते येथे लिहितो. भाद्रपदात अण्णासाहेबांस मोठा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. हिंग नाही, चहा नाही, नाक्यावरील गटार देखील नाही. जिभेस गोड, कडू, खारट एवढे कळे. बाकी सारा मुलूख वैराण. तीन महिने दरबारात त्यांनी जुन्या आठवणीवर निवाडे दिले होते, कारण बियर नेहमीचीच असे आणि तिचे गुणदोष पाठ होते. परंतु जी कोणी कधी चाखिलीच नाही तिचे काय पाठ करावे? ज्याची सारी पत नाकावर उभी, त्याने नाक गेले हे कोणत्या तोंडाने सांगावे? याप्रमाणे ते मनी खंगत होते आणि वरून मिशीस पीळ देत होते.

मग त्यांनी हरकती काढिल्या. म्हणाले, गुरुवार पडतो, मार्गशीर्षाचा गुरुवार आहे, घरोघर लक्ष्मीचे व्रत आहे.

"अन्ना, पियाची शनवारी," जगनराव म्हणाले. "गुरवारी नुसती आनाची. माजे घरवालीला, मालनला, पाच फलं पायजेत पूजेला, ती ठान्याशी आनतो म्हनून सांगतो. देवीचा पन काम, आपला पन काम."

यावर अण्णासाहेबांनी दुसरा बुरूज लढविला की, ऐसी कडक एल तीन वर्षे अंधारात ठेवोन मगच फोडावी, ऐसे विलायतेतले जाणते लिहितात.

"तीन वरसं? ती काय लोनचा हाय?"

दामाजीराव एवढेच बोलले की, ती भरली तेव्हा यंत्रावर मी होतो, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा साहेबाने आम्हा कामगारांस विचारून काही केले, आणि त्यात काय आहे ते मी सांगणार नाही, अण्णांच्या नाकाने सांगावे. ऐसा इतबार पाहोन अण्णासाहेबांचा इलाज खुंटला. मोहीम मुक्रर जाहली.

गुरुवारी प्रातःकाळी टेम्पो निघाला. शीळफाट्यावर ट्रकांनी वाट रोखिली आणि मुंब्र्यास टायर बसला आणि तो बदलोन कळव्याचा पूल ओलांडिला, तो पावणेअकरा वाजले. माजिवड्यास पाहतात तो रांग पार हमरस्त्यास भिडलेली. दामाजीराव सकाळी सातापासोन उभे होते, अण्णासाहेबांकरिता आपली पाळी मागल्यांस देत देत, डोईवर रुमाल, आणि हातघाईवर आले होते, कारण मागील लोक अण्णासाहेबांस मध्ये घेऊ देत ना. "सकालपासून जागा धरलीय त्यांची! म्हातारा मानूस हाय!" ऐसी गर्जना करोन त्यांनी अण्णासाहेबांस आपल्या पाठीशी घेतले. बावन्नाव्या वर्षी म्हातारा ही पदवी अण्णासाहेबांनी मोहिमेच्या हितास्तव गिळली.

दुकानदार प्रत्येकाचा परवाना पाहत होता. परवान्यावर लिहिले होते की, धारकास प्रकृतिस्वास्थ्याकरिता मद्य बाळगण्यास मुभा आहे. परवाना दोघांपाशीच, जगनरावांनी तो कधी काढिलाच नव्हता. अण्णासाहेबांचा हात खिशावर होता आणि मनी फितुरी चालली होती की, परवाना घरी राहिला ऐसे म्हणावे. बाटली एकच येईल, तिघांस घोट-घोट होईल आणि निवाड्यास इतकेसे पुरत नाही म्हणोन सुटका होईल. इतक्यात आतून हाळी आली की, उरल्या अवघ्या अकरा. दामाजीरावांनी वळोन पाहिले. उन्हाने चेहरा रापलेला, अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली, आणि डोळ्यांत सण असलेल्या पोराची चमक. अण्णासाहेबांच्याने खोटे बोलवेना. परवाना काढोन पुढे केला. दोन बाटल्या हस्तगत जाहल्या, केळ्यांच्या फण्याखाली दडविल्या आणि पाच फळांसह लष्कर सुखरूप परतले. मालनबाईंस फळे पावली; पूजा यथासांग जाहली.

शनिवारी दरबार भरला. बाहेरची बाटली आत आणण्यास मालकांनी हरकत केली, तो तीन प्लेट तळलेल्या बोंबलांच्या बोलीवर तह जाहला. मग जगनरावांनी झाकण उडविले, तीन ग्लासांत तांबूस काळे पेय उतरले आणि वर साईसारखा फेस धरला. आजूबाजूच्या टेबलांवरील माना देखील वळल्या.

अण्णासाहेबांनी ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. आत काही नव्हते. मग शर्थीने म्हणाले, "संत्र्याच्या सालीचा वास आहे. आणि... थोडा फुलांचा."

दामाजीरावांनी खाली पाहिले.

जगनरावांनी आपला ग्लास हुंगला, पुन्हा हुंगला. "अन्ना, मना तं गुलाचा येतोय. करपल्या गुलाचा. संत्रा कनाला?"

दामाजीराव बोंबलाचे काटे निवडू लागले, आणि तेच वर्मी लागले. अण्णासाहेबांनी जाणले की, हा मनुष्य खरे जाणतो आणि आपली अब्रू राखावी म्हणोन स्वतःचा अभिमान गिळतो आहे. तेव्हा त्यांनी ग्लास खाली ठेविला.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "भाद्रपदापासून. मी तुम्हाला फसवत होतो."

जगनरावांनी बोंबलाची प्लेट पुढे ओढिली.

"म्हंजे," जगनरावांनी बहुत विचार करोन विचारिले, "या बोंबलाचा पन नाय?"

"बोंबलाचाही नाही."

"अरारारा!" ऐसा उद्गार जगनरावांच्या अंतःकरणातून निघाला की, सख्खा भाऊ जायबंदी जाहला असता तरी याहून थोर न निघता. आणि तो ऐकोन प्रथम दामाजीराव हसले आणि मग जगनराव हसले आणि मग अण्णासाहेब हसले आणि हसता हसता त्यांस चष्मा पुसावा लागला.

"आजपरत तुमी सांगलाव, आमी आयकला," दामाजीराव म्हणाले. "आज आमी सांगतो. तुमी बसा."

मग जे युद्ध जाहले त्यास तोड नाही. दामाजीरावांनी उघड केले की, गूळ खराच, कढईत काळा होईतो आटवलेला, आणि आटवताना कामगारांनीच हात लाविला होता. जगनराव म्हणाले, गुळामागून ओल्या मातीचा वास येतो. दामाजीराव म्हणाले, माती नव्हे, उन्हात तापलेल्या होडीच्या फळीचा. जगनराव म्हणाले, आमच्यापाशी होडी नाही, आम्ही शेतकरी, आम्हांस माती. दोघे हातवारे करिती, पुन्हा हुंगती, पुन्हा भांडती. अण्णासाहेब घोट घेत आणि जिभेवर जेवढा मुलूख शाबूत होता तेवढा तपासीत. प्रथम गोडी लागली, आणि मग जिभेच्या मुळाशी कडूपणा आला, दांडगा आणि स्वच्छ, आणि मग छातीत ऊब पसरली. कानी फळी आणि माती आणि काळा गूळ. तीन महिन्यांत प्रथमच त्यांस ग्लासात काहीतरी आहे ऐसे वाटले. त्यांनी निवाडा दिला की, पावसाळ्यानंतर होडी ज्या मातीवरून पाण्यात ओढतात त्या मातीचा हा वास, उभयतांचे खरे. निवाडा सर्वांस मान्य जाहला. दुसरी बाटलीही त्याच बैठकीत कामास आली.

दिवेलागणीस अण्णासाहेब घरी आले आणि दारातच पत्नी सरस्वतीबाई यांस म्हणाले, "अगं, एक सांगायचंय. मला वास येत नाही."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "नवरात्रात रोज उशाशी सोनचाफा ठेवत होते. एकदाही विचारलं नाहीत. आता आत या, सोमवारी कल्याणला डॉक्टरांकडे जायचंय, नंबर लावून ठेवलाय."

येणेप्रमाणे रौप्य एलेची मोहीम फत्ते जाहली. बाटल्या दोन काबीज, टायर एक खर्ची पडला, बोंबील तीन प्लेट कामास आले, मनुष्यहानी नाही. नाक माघारी आले की नाही, हे वैद्यांचे दप्तर जाणे. दरबार मात्र दर शनिवारी चार वाजता भरू लागला, आणि त्यात हुंगणारे दोन आणि ऐकणारा एक ऐसा बंदोबस्त कायम जाहला. तारीख सदर. लेखनात चूकभूल असल्यास ती फेसाची.