गुंडोपंतांची लघुशंका

एका जंगलात सगळेच प्राणी फार सभ्य झाले होते. होतं असं कधी कधी. पोटभर खायला मिळू लागलं, की प्राण्यांना काहीतरी सुधारावंसं वाटतं. स्वतःला सुधारणं अवघड, म्हणून ते भाषा सुधारायला घेतात.

तर या जंगलात निघालं सभ्यता संवर्धन मंडळ. अध्यक्ष रावसाहेब सांबर. उपाध्यक्षा सगुणाबाई अस्वल.

मंडळाचं काम एकच. ओंगळ शब्द जंगलाबाहेर हाकलायचे. ‘ढेकर’ गेला, ‘तृप्तीचा उद्गार’ आला. ‘खाज’ गेली, ‘त्वचेची उत्सुकता’ आली. माकडं दिवसभर एकमेकांची उत्सुकता शमवत बसू लागली. मग एका सभेत पाळी आली मुताची.

हसा. हसून घ्या एकदाचं. झालं? मागच्या रांगेतलं अजून कोण खिदळतंय? बरं, आता पुढे ऐका.

“लघवी म्हटलं तर चालेल का?” कुणीतरी भीत भीत विचारलं.

रावसाहेबांनी शिंगं वर करून नाक मुरडलं. “त्यालाही वास येतो.”

तेव्हा सगुणाबाई उठल्या. “लघुशंका म्हणावं,” त्या म्हणाल्या. “ऐकायला कसं शास्त्रोक्त वाटतं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव सगुणाबाईंच्या नावावर पास झाला. जो जुना शब्द तोंडातून काढेल त्याला वाळीत टाकायचं, असंही ठरलं. हे कलम सगुणाबाईंनीच घालायला लावलं होतं. खुणा करून दाखवणंही असभ्यच, हेही त्यांचंच.

आता या सगुणाबाईंची पिल्लं परदेशातल्या जंगलात स्थायिक झाली होती. एवढी मोठी गुहा, आत एकटं अस्वल. गुहा खायला उठायची. म्हणून त्यांनी एक बोका पाळला. अस्वलाने बोका पाळावा का, असे फाटे फोडू नका. पाळला म्हणजे पाळला. त्याचं नाव ठेवलं गुंडोपंत. लाडात आल्या की त्या त्याला गुंड्या म्हणायच्या.

पाळीव झाल्यापासून गुंडोपंतांचं बोलणं सुटलं होतं. सगळं आयतं समोर येतं, तर बोलायचं कशाला? नुसतं म्यांव केलं की भागायचं. सगुणाबाईंचा थोरला मुलगा परदेशातून पाकिटातला खाऊ पाठवायचा, कोरड्या खडखडीत गोळ्या. गुंडोपंत त्या दिवसभर कुरकुर खायचे. पाणी प्यायचा मात्र त्यांना भारी कंटाळा.

एका सकाळी गुंडोपंत त्यांच्या रेतीच्या परातीत जाऊन बसले. बसले ते बसलेच. मग उठले, रेती उकरली, पुन्हा बसले. परात कोरडीच. तिथून पायपुसण्यावर गेले, तिथे बसले. मग सगुणाबाईंच्या ठेवणीतल्या गोधडीवर. कुठेही बसावं, कळवळून ओरडावं आणि उठावं. सगुणाबाईंनी बोक्याला काखेत मारलं आणि तडक डॉक्टर करकोचे यांच्याकडे धाव घेतली.

डॉक्टर करकोचे अर्धं वर्ष या जंगलात असायचे आणि अर्धं वर्ष परदेशी तळ्यांवर. हुशार होते, हात हलका होता. फक्त इथली भाषा त्यांना साधीसाधीच यायची. शब्द जरा लांब झाला, की त्यांची गाडी अडायची.

“काय होतं याला?” डॉक्टरांनी विचारलं.

सगुणाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “डॉक्टर, याची लघुशंका फिटत नाहीये.”

“शंका?”

“सारखी येते हो. पण फिटत नाही.”

डॉक्टरांनी चोचीने गुंडोपंतांच्या टाळक्यावर टकटक करून पाहिलं. “शंका डोक्यात असते, बाई. मी पोटाचा डॉक्टर. शंका फेडायला तुम्ही घुबडशास्त्रींकडे जा.”

सगुणाबाईंच्या ओठांवर खरा शब्द आला होता. पण बाहेर बाकावर मंडळाचे दोन सभासद बसलेले. उपाध्यक्षाबाईंनी तो शब्द गिळला आणि त्या घुबडशास्त्रींकडे गेल्या.

घुबडशास्त्री म्हणजे विद्वान. त्यांनी गुंडोपंतांना समोर आसनावर बसवलं. “विचारा, पंत. आपली शंका काय?”

“म्यांव,” गुंडोपंत कण्हले.

शास्त्रीबुवांनी डोळे विस्फारले. “शंका लघु आहे, पण आशय गुरु आहे!” आणि त्यांनी जे निरूपण सुरू केलं म्हणता! मी कोण, माझं काय, परात कुणाची, रेती कुणाची. शेवटी ऐन रंगात येऊन ते असे काही घुमले, की गुंडोपंतांची घाबरगुंडी उडाली आणि तिथल्या तिथे, शास्त्रीबुवांच्या आसनावर, थेंब थेंब का होईना, शंका फिटली.

“निरसन झालं!” शास्त्रीबुवा ओरडले. सगुणाबाईंनी त्यांचे पाय धरले. जंगलभर बातमी झाली.

काही दिवसांनी दुखणं उलटलं. पुन्हा परात, पुन्हा पायपुसणं, पुन्हा शास्त्रीबुवा. या खेपेला दोन अध्याय जास्त लागले, पण निभावलं. शास्त्रीबुवांचं नाव एवढं गाजलं, की मंडळाने त्यांना ‘शंकानिरसनरत्न’ ही पदवी द्यायचं ठरवलं. वडाखाली मोठा मांडव घातला. मानपत्र वाचायचा मान सगुणाबाईंना.

नेमकं त्याच सकाळी गुंडोपंत तिसऱ्यांदा अडले.

आता मात्र ते ओरडतही नव्हते. कोपऱ्यात मान टाकून पडले होते. सगुणाबाईंनी आवडीचा मासा पुढे केला, तर ओकारी आली. पोटाला हात लावला, तर पोट नारळासारखं टणक. थेंबही नाही. गुंड्या आपल्या डोळ्यांदेखत चालला, हे सगुणाबाईंना कळून चुकलं. आणि तो गेला तर या गुहेत आपण कुणाशी बोलायचं, हेही त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा, आलं.

बोक्याला उराशी धरून त्या पळत सुटल्या. अस्वल पळताना पाहिलंय का कधी? वाटेतल्याने बाजूला व्हायचं असतं.

मांडवात सगळं जंगल जमलेलं. व्यासपीठावर शास्त्रीबुवा शाल पांघरून बसलेले. पुढच्याच रांगेत डॉक्टर करकोचे एका पायावर उभे.

“या, या, उपाध्यक्षाबाई!” रावसाहेब म्हणाले. “मानपत्र आणलंत ना?”

“डॉक्टर!” सगुणाबाईंना धाप लागली होती. “याची लघु… याची शंका…”

“आणा इकडे,” शास्त्रीबुवा हात पुढे करून म्हणाले. “आता पुढचा अध्याय घेऊ.”

गुंडोपंतांची मान सगुणाबाईंच्या हातावरून लोंबली. मग सगुणाबाईंनी उपाध्यक्षपद, ठराव, कलम, सगळं गुंडाळून ठेवलं आणि त्या गरजल्या,

“मेलं तुमचं मानपत्र! डॉक्टर, माझ्या बोक्याचं मूत तुंबलंय!”

हरणांनी पाडसांचे कान झाकले. एक तरस लाजलं, आणि तरस सहसा लाजत नाही.

“मूत?” डॉक्टर करकोचे दुसरा पाय खाली टेकत म्हणाले. “अहो, मग असं सांगायचं ना! उताणा धरा त्याला!”

त्यांनी गवताची बारीक, गुळगुळीत, पोकळ काडी घेतली. ती कुठे घातली ते मला विचारू नका, मंडळाने अजून परवानगी दिलेली नाही. पण घातली, आणि असा काही पाट वाहिला, की व्यासपीठावरचा गालिचा, शास्त्रीबुवांची शाल आणि रावसाहेबांचे पुढचे दोन खूर, सगळ्यांना लाभ मिळाला. गुंडोपंतांनी हळूच डोळे उघडले. “म्यांव,” ते म्हणाले. सगुणाबाई सगळ्यांसमोर हमसून हमसून रडल्या.

“अजून थोडा उशीर झाला असता तर गेला होता,” डॉक्टर म्हणाले. “कोरडा खाऊ बंद. ओला मासा द्या, पाणी घालून द्या. पाण्याच्या वाट्या जागोजागी ठेवा, परात स्वच्छ ठेवा. तरी पुन्हा होईल. ही खोड एकदम जात नाही. नुसता बसतोय आणि काही होत नाही असं दिसलं, की लगेच मला हाक मारा. आणि मारायची ती नीट मारा.”

मंडळाने तिथल्या तिथे सभा घेऊन सगुणाबाईंना वाळीत टाकलं. “टाका,” त्या म्हणाल्या. त्या गुंडोपंतांची शेपूट पुसत होत्या.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. वाट्या ठेवल्या, मासा दिला, तरी दुखणं पुन्हा उलटलं. या वेळी सगुणाबाईंनी वाट पाहिली नाही. गुहेसमोरच्या खडकावर उभं राहून त्यांनी तो शब्द असा ठणकावला, की पलीकडच्या टेकडीवरून परत ऐकू आला. डॉक्टर आले, काडी आली, गुंडोपंत दुपारी मासा खायला हजर.

आणि मग एके दिवशी त्यांच्या दाराशी कोण यावं? रावसाहेब सांबर! शिंगं खाली, पाय एकमेकांत अडकलेले.

“सगुणाबाई, जरा एक… शंका होती.”

“मग शास्त्रीबुवांकडे जा.”

“तिथूनच येतोय. पाच अध्याय झाले.”

सगुणाबाईंच्या ध्यानात आलं. “अहो, मग डॉक्टरांना सांगा की!”

“मी कसं सांगणार? मी अध्यक्ष आहे!” रावसाहेब काकुळतीला आले. “तुम्ही कशाही वाळीतच आहात. तुमचं काय जातंय? तेवढं ओरडा ना.”

सगुणाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसूही आलं. पण रावसाहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि त्या दुखण्यात कसं तळमळायला होतं ते त्यांनी घरात पाहिलं होतं. त्या खडकावर चढल्या.

“डॉक्टर! लवकर या! अध्यक्षांचं मूत तुंबलंय!”

रावसाहेब बरे झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंडळाची तातडीची सभा बोलावली. सगुणाबाईंनी अध्यक्षांबद्दल ओंगळ शब्द उच्चारला, याबद्दल निषेधाचा ठराव मांडला. तो एकमताने पास झाला.

सभा संपल्यावर सगळे सभासद एकेक करून, तिसऱ्याच कामाला निघाल्यासारखे, सगुणाबाईंच्या गुहेकडे वळले आणि खडकाखाली मुकाट रांग लावून उभे राहिले.

तात्पर्य : मुलांनो, तोंडात नेहमी सभ्य शब्दच असावेत. फक्त आजारी पडण्याआधी एखादी तोंडाळ शेजारीण वाळीत टाकून ठेवावी. ऐनवेळी शोधू म्हटलं तर मिळत नाही.