सुनेची चोरटी सिगारेट

मी समजूतदार नवरा आहे, असं मी आमच्या नारीन गावभर सांगत फिरायचो. सिगारेट ओढायची ती स्वयंपाकघरातच, आणि तीही खिडकीची वरची झडप बोटभर उघडून. आमच्या हिवाळ्यात याहून जास्त उघडली तर कपातला चहा गोठतो!

बुरुलला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन महिने खोकला होता. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला श्वासातला सिगारेटचा विषारी वायू मोजणाऱ्या एका यंत्रात फुंकायला लावलं, आकडा पाहिला आणि दिवसाला किती ओढता, असं विचारलं. बुरुलने जन्मात सिगारेट हातात धरली नव्हती. तसं तिने सांगितलं. बाई गालात हसल्या आणि कागदावर लिहिलं, 'ओढतात, पण लपवतात.' वर एक्स-रेत फुप्फुसावर डाग. त्यासाठी मोठी तपासणी झाली. अहवाल तीन दिवसांनी.

डागाने माझी झोप उडाली आणि कागदाने आपाची. आपा म्हणजे माझी आई. तिने सुनेच्या बुटांत, पिशवीत, अगदी पिठाच्या डब्यातही पाकीट शोधलं. बुरुल नुसती माझ्याकडे बघायची. मी आपला झडपेपाशी जाऊन सिगारेट पेटवायचो. इतका समजूतदार!

तिसऱ्या दिवशी सुनेची तक्रार करायला आपा आमच्याबरोबर आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि यंत्र तिच्यापुढे धरलं. विझलेली चूल पेटवावी तशी आपाने फुंकर मारली. आकडा सुनेच्या आकड्यापेक्षा दोनने जास्त निघाला.

बाईंचं हसू गेलं. "घरात ओढतं कोण?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे पेटवता तुम्ही एकटे आणि ओढता तिघं," बाई म्हणाल्या. "यांच्या फुप्फुसांना, हृदयाला तो धूर बाधतोच. बोटभर झडपेने काही होत नाही."

मग त्यांनी बुरुलच्या कागदावरची ओळ खोडली, तिची माफी मागितली आणि अहवाल उघडला. डाग म्हणजे लहानपणीच्या न्यूमोनियाचा व्रण होता. खोकला निव्वळ धुराचा. ते ऐकून मी मटकन जमिनीवरच बसलो; आजारी बायकोनेच मला धरून बाकावर बसवलं.

"आता तरी टाका ते पाकीट," एवढंच ती म्हणाली. मी तिथल्या तिथे टाकलं.

याला चार महिने झाले. बुरुलचा खोकला गेला. मी अजून दिवसातून दहादा रिकामे खिसे चाचपतो. आणि आपा शेजारणींना दवाखान्यातून आणलेला स्वतःच्या आकड्याचा कागद दाखवून सांगते, "तीस वर्षं ओढत होते, एका दिवसात सोडली. पोराला बघा, अजून जड जातंय."